बावड्याच्या स्थळाची चौकशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही बावड्याचे नाही. आणि असलात बावड्याचे, तर आता काय, वाचाच.

सुरुवात सापांपासून करावी लागेल. घाबरू नका. मी बारामतीजवळच्या सांगवीची. आमचं शेडनेट आहे, त्यात ढोबळी मिरची असते. लेक सौरभ पुण्याला शिकत होता, तिथून एकदा दोन साप घेऊन आला. कॉर्न स्नेक म्हणतात त्यांना. मूळचे परदेशातले, बिनविषारी, अंगानं केशरी, आणि पोटावर मक्याच्या कणसासारखी दाण्यांची नक्षी. सरकारदरबारी रीतसर नोंद केलेले, चोरीमारीचे नव्हेत. मग सौरभला बंगळूरला नोकरी लागली. तो गेला आणि साप माझ्या गळ्यात पडले — आधी म्हणण्यापुरते, नंतर खरोखरचे.

मला त्यांचा लळा लागला, यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांचं खाणं म्हणजे उंदराची गोठवलेली पिल्लं. ती मी फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्यात ठेवायचे. एकदा नणंदेनं तो डबा मोठ्या आशेनं उघडला, आणि तेव्हापासून ती आमच्याकडे श्रीखंड काय, ताकसुद्धा घेत नाही. पण तेही लपवलेलं नाही, अख्ख्या सांगवीला माहीत आहे. लपवलेलं पुढे आहे. येतेय मी तिथं — जरा दम धरा.

तर मादीनं अंडी घातली. सौरभनं फोनवर सांगितलं, ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात ठेव. कोकोपीटची आमच्याकडे काय कमी? रोपांसाठी पोत्यानं येतं. एका ट्रेमध्ये ढोबळीची रोपं, शेजारच्या डब्यात सापाची अंडी, आणि दोन्हींवर माझी सारखीच नजर. दोनेक महिन्यांनी पेन्सिलीएवढी पिल्लं बाहेर आली. इतकी गोड! मालक दारातूनच म्हणाले, “आता बास. हितं मिरची पिकवायची का साप?” बहुतेक पिल्लं सौरभच्या पुण्याच्या मित्रांनी नेली. एक उरलं. सगळ्यांत बारकं, सगळ्यांत तेज रंगाचं. नर की मादी ते एवढ्यात कळत नाही, पण मी पहिल्या दिवसापासून त्याला ‘ती’ म्हणायला लागले.

तिच्यासाठी गिऱ्हाईक आलं बावड्याचं. ओळखीच्याच्या ओळखीचं. नवनाथ नाव, तिशी ओलांडलेला. घरची डाळिंबाची बाग, शिवाय लोणी देवकरला कंपनीत कामाला. मोटारसायकलवर एवढ्या लांब आला. पिल्लू हातावर दिलं तर हात मागे घेतला नाही. ती त्याच्या मनगटाला वेटोळं घालून बसली आणि हा श्वास रोखून बघत राहिला. मला आवडलं ते. पण कशाला पाहिजे विचारलं, तर “असंच” म्हणाला. आणि जाता जाता विचारलं, “काकी, हिचा काय उपयोग हाय का?”

झालं! आमच्या भागात साप घ्यायला आलेल्या माणसानं असं विचारलं की एकच अर्थ. मांडूळ शोधत फिरणारी, सापाच्या जिवावर गुप्तधन काढायला निघालेली टोळकी तुम्हीही ऐकली असतील. हा त्यातला असला तर? आणि “बघतो, सांगतो” म्हणून गेलेला माणूस — याला नक्की पाहिजे तरी आहे का? माझं ते पेन्सिलीएवढं लेकरू कुठल्यातरी बाबासमोर लिंबू-कुंकवात पडलेलं मला स्वप्नात दिसायला लागलं. द्यायचं की नाही? कोणाला विचारायचं?

मग मी ठरवलं, जाऊन चौकशी करायची. मुलगी देताना करतात तशी. मालकांना सांगितलं, इंदापूरला मावसबहिणीकडे चाललेय. आणि एसटीनं बावड्याला उतरले.

उतरल्यावर लक्षात आलं, की चौकशी करायची कशी? “तुमच्या गावातला नवनाथ साप पाळायला बरा आहे का हो?” असं विचारायचं? समोर कासाराचं दुकान होतं. बांगड्या भरायला बसले, म्हटलं, बायका जमतात तिथं गाव कळतं. कासारीण मोठी बोलकी. माझा हात तिच्या हातात आवळलेला, आणि मी आपलं सहज विचारलं, की इथला नवनाथ कसा मुलगा आहे? तिचे हात थांबले. डोळे चमकले. “मुलगी तुमची का, ताई?”

तुम्हीच सांगा, बिनलग्नाच्या तिशीतल्या मुलाची चौकशी परगावची बाई आणखी कशासाठी करील? मला नाही म्हणता आलं असतं. पण म्हणतात ना, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी म्हणाले, “भाची हाय माझी.”

आणि मग सुटलेच. तिथं आणखी दोघी बसल्या होत्या, त्याही सरकून जवळ आल्या. मुलगी कशी आहे विचारल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जी होती तिचंच वर्णन करत गेले. शांत आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अंगानं सडपातळ. रंगानं — उजळच म्हणायचं. खाण्याचे नखरे नाहीत, आठवड्यातून — इथं जीभ चावली. शिक्षण विचारलं तेव्हा मात्र सापाकडे उत्तर नव्हतं, म्हणून बीएस्सी अॅग्री सांगून टाकलं, आणि गाव बारामतीकडचं. खोटं बोल पण रेटून बोल, तसं. खरं सांगू? मजा येत होती मला! घरी कोण माझं एवढं ऐकतं?

आणि त्या बायकांनी नवनाथचं काय सांगावं! दारू नाही, तंबाखू नाही. आईचे गुडघे धरलेत तर भाकरी हा थापतो. गाईच्या पायाला जखम झाली तर गोठ्यातच अंथरूण टाकलं. एक जण म्हणाली, “कंपनीत पर्मनंट न्हाय म्हणून स्थळं फिरली, न्हायतर पोरगं सोनं हाय.” आणि कासारीण तर — तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “ताई, माझी लेक असती ना, तर मी हितल्या हितं दिली असती.” बांगड्यांवर एक बांगडी जास्तीची घातली. शुभशकुन म्हणून.

एसटीत मी हिरव्यागार बांगड्या वाजवत, गालात हसत आले. मन हलकं झालं होतं. ठरलं — नवनाथलाच द्यायची. दुसऱ्या दिवशी झाकणाला भोकं पाडून डबा केला, ताजं कोकोपीट घातलं, पाण्याची वाटी ठेवली. पाठवणीची तयारीच म्हणा.

इथवर माझा गुन्हा काय? एक थाप. गमतीची. तुम्ही हसलात ना? मीही हसत होते.

थोड्याच दिवसांत नवनाथ न सांगता आला. केस कापलेले, शर्ट इस्त्रीचा, चेहरा असा की ओळखू येईना. मालक शेडमध्ये होते, मी एकटीच. म्हणाला, काकी, साप आता नको. निदान एवढ्यात नको. मी विचारलं, का रे? तर लाजला. तिशीतला बाप्या माझ्या ओट्याशी उभा राहून लाजला! “स्थळ यायलंय. बारामतीकडचंच हाय. बीएस्सी अॅग्री झालीया पोरगी. घरात साप बघितला तर पळून जाईल ना ती?”

त्याच्या आईनं पुढची खोली रंगवून घेतली होती. अबोली रंगानं, कारण भाची रंगानं उजळ आहे म्हणून तिला शोभेल. नवे कप आणले होते. वडील टीव्हीचा आवाज बारीक करून फोनकडे कान लावून बसत होते. हे सगळं तो हसत हसत सांगत होता, आणि त्याच ओघात हेही सांगून गेला की साप कशाला हवा होता. कामावरून आल्यावर करमत नाही, म्हणाला. घरात कुणीतरी आपलं, आपल्यासाठी असावं. ‘उपयोग’ विचारला तो आई विचारील म्हणून. तिला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं.

तेव्हा बोलायचं होतं. तोच क्षण होता, तुम्हालाही दिसतोय. “अरे वेड्या, ते पाहुणे म्हणजे मी” — एवढंच. तो आधी खट्टू झाला असता, मग कदाचित हसलाही असता, डबा घेऊन गेला असता. मी काय केलं? चहात साखर ढवळत विचारलं, “व्हय का? कुठलं रे स्थळ?”

असं. जणू मला काहीच ठाऊक नाही. आणि वर म्हणाले, बरं झालं हो, देव पावला. दोन पेढे दिले हातावर.

का? लाज वाटली म्हणून. बावड्यात नाव होईल, सांगवीपर्यंत येईल, मालक हसतील. दुसरं काही कारण नव्हतं.

मधे बरेच महिने गेले. स्थळ कुठून येणार? भाचीला पाय कुठे होते? मग एक दिवस तो परत आला. यावेळी शर्ट साधा होता. म्हणाला, आता द्या काकी, पाव्हण्यांची वाट बघून झाली. आणि आई म्हणाली, काकींनाच घेऊन ये, डबा कुठं ठेवायचा ते त्याच दाखवतील, दोन घास जेवून जातील. “घर सोपं हाय, कासारणीच्या दुकानासमोरच.”

कासारणीच्या दुकानासमोर! मी म्हणाले, विकली रे ती. कधीच. पुण्याला गेली.

ती आतल्या खोलीत होती. त्यानं पुढे होऊन दार ढकललं असतं तर दिसली असती. पण तो नवनाथ — तो कशाला दार ढकलतोय? “बरं झालं, चांगल्या घरी गेली,” म्हणाला. एवढी चौकशी करून मी गिऱ्हाईक पारखलं होतं. विकणारीची चौकशी कुणी केलीच नव्हती.

ती अजून माझ्याकडेच आहे. आता चांगली दोन हात लांब झालीय, कात टाकली की अशी झळकते की बघत राहावं. मी तिला भाची म्हणते. मालक विचारतात, हे कसलं नाव सापाचं? मी म्हणते, असंच.

पण मला जे सांगायचं होतं ते हेही नव्हे. ते फाटकापाशी झालं. त्याच दिवशी.

त्यानं गाडीला किक मारली आणि परत बंद केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “काकी, तुमी तिकडच्याच हाय म्हणून इचारतो. चौकशीला आलं आणि परत फिरकलं न्हाईत. गावातलं कोणतरी माझ्याबद्दल वंगाळ बोललं असंल का?”

कोण काय बोललं ते मला पाठ होतं. भाकरी, गाय, गोठ्यातलं अंथरूण, “पोरगं सोनं हाय”, “माझी लेक असती तर” — सगळं. त्याच्या गावात त्याच्याबद्दल एकही वाकडा शब्द निघाला नव्हता, आणि हे ठामपणे सांगू शकणारं माणूस त्याच्या पुढ्यात उभं होतं. स्वतःचं बिंग न फोडताही सांगता आलं असतं. “अरे, तुला कोण वाईट म्हणेल?” एवढं म्हणायला काय लागतं? पण मला वाटलं, त्याचा संशय दुसरीकडे गेला तर बरंच आहे.

मी म्हणाले, “असंल बाबा. लोकांचं काय सांगावं?”

त्यानं मान हलवली. “मलापण तसंच वाटत हुतं,” म्हणाला, आणि गेला.

या संक्रांतीला त्याचा फोन आला होता. दरवर्षी करतो. डाळिंब बरं आहे, वडील बरे आहेत. आईचं विचारलं तर म्हणाला, बरी हाय, इंदापूरला गेलीया बांगड्या भरायला. एवढ्या लांब कशाला रे, गावात कासारीण नाही का? “हाय की,” तो म्हणाला. “पण ते पाव्हणं तिच्याच दुकानात बसलं हुतं. तवापास्नं आई तिची पायरी चढत न्हाय, बोलत बी न्हाय.”

मी म्हणाले, “व्हय का?”