तातोबांची ललकारी

कुपवाडला माझं व्हॉल्व्हचं दुकान आहे आणि मी राजा आहे. यातली दुसरी गोष्ट फक्त तातोबांना मान्य होती. आटपाडीकडच्या माळावरचं आमचं संस्थान एवढंसं, की आजोबांनी तोफ उडवली तर गोळा शेजारच्या मुलखात पडायचा आणि माफी मागायला माणूस धाडावा लागायचा.

तातोबा आमचे पिढीजात चोपदार. डोक्याला लाल पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी. मी कुठेही निघालो की पुढे होऊन ललकारी देत, "निगाह रखो! राजेसाहेब येत आहेत!" एकदा सांगलीत दातांच्या दवाखान्यात त्यांनी ती दिली. बाकड्यावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले आणि आत दाढ उपटताना मला 'आई गं' म्हणायचीसुद्धा चोरी झाली.

"तातोबा, मी स्कूटरवर फिरतो. मला कसली ललकारी?"

"आवं राजं, ललकारी काय स्कूटरला आसती व्हय? तुमी काय बी चालवा. ललकारी न्हाई त्यो राजा कसला?"

आरशात पाहिलं की त्यांचं म्हणणं मला पटायचं.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. दसरा तोंडावर आलेला. सीमोल्लंघनाला ललकारीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. भाऊबंदांनी स्पीकरवर रेकॉर्ड लावायचं ठरवलं. तातोबांनी विरोध केला नाही. कसंबसं घशातून एवढंच विचारलं, "मग म्या कुटं हुबा ऱ्हाऊ?"

मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला ते पगडी घालून आलेच. काठी आपटली, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. स्पीकरवाल्याचा हात बटणाकडे गेला. त्याला थांबवून मीच उंबऱ्याच्या आतून ओरडलो, "निगाह रखो! तातोबा चोपदार येत आहेत!"

माझा आवाज मुळातच किरटा, त्यात ऐन वेळी चिरकला. पोरं फिदीफिदी हसली. पण म्हातारी माणसं उठली, मग सगळेच उठले. तातोबा मात्र संतापले. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आवं, चोपदाराला कुटं ललकारी आसती व्हय?" तरी पगडी सारखी करून पुढे निघाले. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

आपट्याचं सोनं देताना त्यांनी मला जवळ ओढलं. "राजं, लय वंगाळ आवाज हाय तुमचा. बसा माज्याम्होरं, शिकवतो."

आठवड्याभरात तातोबा गेले. मला अजून ललकारी देता येत नाही.