गुडघाभर भिंतीचं दार

विमानातून उतरलेल्या पाहुण्याला स्वतःच्या घराआधी एक पडका मठ दाखवणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच झाला, आणि तो आपल्या ओळखीचा होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. नातवंडांनो, तुम्ही त्यांना भट्टीवाले काका म्हणायचात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. तुमच्या आजोबांचे ते कारखान्यातले मित्र. अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात आजोबा ऑफिसात, हे भट्टीवर. आपण वसईचे कॅथलिक, ते जुन्नरकडचे बौद्ध. दारात आले की "जय भीम, टीचर" म्हणायचे आणि उत्तर मिळाल्याशिवाय चपला काढायचे नाहीत. मी तीस वर्षं इंग्रजी शाळेत शिकवलं, त्यामुळे माझ्या तोंडून "गुड इव्हनिंग" यायचं. त्यांना तेही चालायचं. हे तुमच्या आईकडून वाचून घ्या, आणि शेवटपर्यंत घ्या, कारण यात तुमच्या आजीबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, एक गोष्ट आहे जी ती आजवर कुणाला बोललेली नाही.

आधी मठाबद्दल. विमानतळाच्या पलीकडे समाहीज नावाचं गाव आहे. तिथल्या कबरस्तानात एका जुन्या मशिदीचा ढिगारा होता आणि त्याच्या खाली, खणल्यावर, दीड हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती लोकांची वास्तू निघाली. आठ खोल्या, गिलाव्यात उमटवलेले क्रूस, स्वयंपाकघर, एकत्र जेवायची खोली. काही जाणकार म्हणतात मठ, काही म्हणतात बिशपचं घर. काका म्हणायचे, मठच. त्यांचा पुरावा असा की शेजारच्या गावाचं नाव दैर, आणि अरबीत दैर म्हणजे मठ. "लोकांनी नाव सांभाळलं टीचर, मठ मात्र विसरले. आपल्याकडे उलटं. लेणी उघडी पडलेली, पण कुणाची ते विचारलं तर पांडवांची म्हणतात." त्यांचं लहानपण जुन्नरच्या लेण्यांखाली शेळ्या राखण्यात गेलं होतं. दुपारी ते भिक्खूंच्या दगडी ओट्यावर झोपायचे. म्हणून समाहीजच्या त्या खोल्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा, आजोबा सांगायचे, हा माणूस उन्हात उभा राहून हसत होता, चुलतभावाचं घर सापडल्यासारखा.

तेव्हापासून विमानतळावरून कुणाला आणायचं असलं की काका आपली जुनी गाडी घेऊन हजर. गाडीला एसी नावापुरता. माझी नणंद मुंबईहून आली तेव्हा तिच्याजवळ थर्माकोलच्या खोक्यात बर्फातले ओले बोंबील होते. काकांनी तिला सरळ समाहीजला नेलं. जेवणघर समजावून होईपर्यंत खोक्यातून पाणी गळायला लागलं होतं आणि कबरस्तानाच्या भिंतीवर दोन मांजरी येऊन बसल्या होत्या. त्यांचं लक्ष इतिहासाकडे नव्हतं. नणंद आजही विचारलं तर सांगते, "बहरीन म्हणजे आठ खोल्या आणि दोन मांजरी." कबरस्तानात शिरताना काका गेलेल्यांना सलाम करायचे, रखवालदाराला दुसरा सलाम, आणि मग मठात जायचे ते दारातूनच. भिंती कुठे गुडघाभर, कुठे घोट्याएवढ्या. कुणीही टांग टाकून आत जाईल. काका मात्र वळसा घालून, दाराची जी मोकळी जागा होती तिथून आत जायचे आणि पाहुण्यांनाही तसंच न्यायचे. आजोबांनी एकदा सवयीने पाय उचलला, तर मागून आवाज आला, "साहेब, कुणाच्या घरात भिंतीवरून शिरतात का?" आजोबांनी उचललेला पाय परत ठेवला.

आणि माती. भट्टीपाशी जन्म गेलेला माणूस भाजलेल्या मातीशी बोलायचा असं म्हटलं तर तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण खुब्ज, म्हणजे इथली पोळी, भाजणाऱ्या बेकरीत रांगेत उभं असताना ते काउंटरखालून मान घालून तंदूरचा तळ पाहायचे, आणि बेकरीवाला इराणी चाचा त्यांना पोळी आधी देऊन टाकायचा, म्हणजे निदान रांग तरी पुढे सरकावी. आमच्या स्वयंपाकघरातला करपलेला तवा पाहून त्यांनी मला सांगितलं होतं की मी घाईत असते. मठातल्या एका खोलीत जमीन काळी-तांबडी झाली होती. काका तिथे उकिडवे बसून बोटाने, मातीला न लावता, हवेतच दाखवायचे, ही आच मंद होती, रोजची होती, अन्नाची होती. धातू वितळवणारी आग अशी नसते.

आता माझ्याकडे येते. मी नीटनेटकी बाई आहे, तुम्हाला माहीत आहे. आपल्या मराठी महिला मंडळाच्या सहलींची वही मी लिहायचे. तारीख, ठिकाण, हजर किती, माहिती कुणी दिली, सगळं एका रकान्याखाली एक. त्या वहीत खाडाखोड नसायची. एकदा मंडळाने समाहीजची सहल ठरवली, आणि आमच्यातल्या एकीच्या ओळखीने जुन्या वास्तूंचा अभ्यास करणाऱ्या एक परदेशी बाई येणार असं कळलं. काकांची नोकरी संपायला तेव्हा दोन महिने उरले होते. व्हिसा संपला की खलास, कायमचं जुन्नर. ते त्या संध्याकाळी घरी आले, चहा निवत ठेवला आणि म्हणाले, "टीचर, इतकी वर्षं मी हे बोंबीलवाल्यांना सांगितलं. एकदा, ज्याला कळतं अशा माणसाला सांगायचंय. इंग्लिश शिकवता का?"

तीन आठवडे ते आले. शिफ्ट संपवून, अंघोळ करून, केस पाण्याने बसवून. "दिस रूम ईटिंग रूम. ऑल पर्सन सिटिंग. नो टॉकिंग." मी लाल पेनाने सुधारायचे, ते देवनागरीत उतरवून घ्यायचे. मग मी ते सगळं इंग्रजीत नीट टाइप केलं, मुद्दे लावले, आणि त्या काळ्या-तांबड्या मातीचा परिच्छेद काढून टाकला. म्हटलं, माती ऐकून कुणाला काय करायचंय. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुम्हाला जास्त कळतं.

सहलीच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. खिशात कागद. बसमध्ये ओठ हलत होते. मी पुढच्या सीटवर त्या परदेशी बाईंच्या शेजारी होते, बाई छान इंग्रजी बोलत होत्या, मीही छान बोलत होते, आणि मला एकदम मागून ते "ऑल पर्सन सिटिंग" ऐकू यायला लागलं. आपल्या लोकांचं हसं होईल असं वाटलं. आपल्या लोकांचं नाही, माझं. उतरताना मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, वेळ कमी आहे. मीच सांगते."

"बरं टीचर," ते म्हणाले. कागद खिशातच राहिला. माझ्या डोक्यावर ऊन यायला लागलं म्हणून त्यांनी छत्री उघडून धरली.

मी घाईत भिंतीवर टांग टाकून आत गेले. माझ्यामागे अख्खं मंडळ. काका छत्री घेऊन वळसा घालून दारातून आले, तेवढा वेळ मी उन्हात. मी बोलले, चांगलं बोलले. मग त्या बाईंनी काळ्या जमिनीकडे बोट करून विचारलं, इथे स्वयंपाकच होत होता कशावरून, धातूचं काम कशावरून नव्हे? माझ्या टाइप केलेल्या कागदांत ते नव्हतं. ते मीच काढलं होतं. मी उगाच कागद चाळले. तेवढ्यात छत्रीखाली, कानाशी, मराठीत, हळू आवाजात उत्तर आलं. आच मंद, थर पातळ पण खूप, रोजचा. धातूची आग असती तर माती काचेसारखी चिकटली असती.

मी ते इंग्रजीत सांगितलं. सुरुवात केली ती "आय बिलीव्ह" अशी.

बाई खूश झाल्या. त्यांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. तेव्हासुद्धा छत्री माझ्याच डोक्यावर होती. तो माणूस निम्मा उन्हात होता. मी म्हणू शकले असते, हे यांनी सांगितलं. तीन शब्द, आणि इंग्रजी तर मला येतच होतं. परतताना बसमध्ये ते माझ्या सीटपाशी वाकून म्हणाले, "मातीचं छान सांगितलंत, टीचर. मला असं नीट जमलं नसतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मी आज इतकी खजील नसते. मी खूप शोधला, नव्हता. घरी येऊन मी वही लिहिली. माहिती कुणी दिली या रकान्यात माझं नाव. हजर लोकांत बायकांची नावं आणि शेवटी "व इतर एक".

काका कायमचे जुन्नरला निघाले त्या दिवशी आजोबांनी त्यांना विमानतळावर सोडलं, मीही गाडीत होते. वाटेत समाहीजला थांबायचं हे सांगावं लागलं नाही. आजोबा त्यांच्याबरोबर आत गेले. मी गाडीत बसून राहिले, बाहेर फार ऊन आहे म्हणून. ते परत येईपर्यंत मी सगळं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "पासपोर्ट घेतलात ना?"

"घेतला, टीचर."

मग आजोबा देवाघरी गेले, मी इथेच बहरीनमध्ये तुमच्या मामाकडे राहायला आले, वही कपाटात गेली. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती हाती लागली. ते पान उघडलं. "व इतर एक" माझ्याच वळणदार अक्षरात. इतकं सुंदर अक्षर मी कशासाठी कमावलं होतं कुणास ठाऊक. मी माझ्या नावावर रेघ मारली आणि वर त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. रेघ वाकडी गेली, तशीच ठेवली. मग मामाला म्हटलं, मला समाहीजला ने.

संध्याकाळ होती. रखवालदार नवा होता. परत आल्यावर मी जुन्नरला फोन लावला. आधी स्वतःच "जय भीम" म्हटलं. मग सांगितलं, त्या दिवशी मी तुमचं बोलणं माझं म्हणून सांगितलं, तुमचं नाव घेतलं नाही, मला लाज वाटते. पलीकडे शेळ्यांचा आवाज येत होता. मला वाटलं ऐकू गेलं नाही, पुन्हा सांगावं लागणार, आणि दुसऱ्यांदा मला जमणार नाही.

"आज मठात गेला होतात?" त्यांनी विचारलं.

हो म्हटलं.

"दारातून गेलात ना?"

या वेळी गेले होते. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. पण ते त्यांना सांगितलं नाही, नुसतं हो म्हटलं, आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही शेळ्या ऐकत बसलो.