मयताचा फोटो

मोहियोद्दीनभाई मुखेडात टेम्पो चालवायचे. अर्धापूरहून केळी आणायची, बाजारात उतरवायची, आणि मधेच पोलिसांचा फोन आला की टेम्पो धुऊन बेवारस मयत उचलायला निघायचं. कुणी विहिरीत सापडलेलं, कुणी स्टँडच्या बाकड्यावर गेलेलं. जातधर्म ते विचारत नसत. विचारणार तरी कुणाला? मी बजरंग, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. घरात बसून सुनेच्या कामात खोड्या काढण्यापेक्षा बरं म्हणून त्यांच्यासोबत जाऊ लागलो. मयत उचलण्याआधी ते चादर नीट ओढून तोंड झाकायचे. लोक बघायला जमले की त्यांना हाकलायचे.

मग टेम्पो भंगारात निघाला. दुसरा कुणी गाडीवाला बेवारस मयत घेईना. डबल भाडं दिलं तरी नाही. लातूरचे एक तेल मिलवाले शेठ शववाहिनीसाठी पैसे द्यायला तयार झाले, पण म्हणाले, "आधी ऐंशी-जी आणा. देणगीवर मला करात सूट मिळायला पाहिजे." त्यासाठी आम्ही 'अखेरची सोबत' नावाची संस्था नोंदवली. नांदेडच्या सीए उज्वला मॅडमनी आयकराचा अर्ज ऑनलाइन भरला.

अर्जावर नोटीस आली: संस्थेच्या कामाचा पुरावा द्या. आम्ही पोलिसांची सगळी पत्रं नेली. मॅडमनी ती चाळली आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक पत्रात मयत मोहियोद्दीन यांच्या ताब्यात दिल्याचं लिहिलेलं. संस्थेचं नाव कुठंच नाही.

"हे काम तुमचं दिसतं, संस्थेचं नाही," त्या म्हणाल्या. "मागे संस्थेच्या नावाचा बॅनर धरून फोटो काढा. बाकीच्या संस्था असेच देतात."

"मयताचा फोटो?"

"हो. चेहरा दिसला पाहिजे. नुसतं गाठोडं दिसलं तर कोण मानेल?"

मोहियोद्दीनभाई म्हणाले, "जित्या माणसाला नको म्हणता येतं, मॅडम. त्याला न्हाई येत."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी फोटोशिवाय दोन पानी खुलासा लिहून पाठवला. अर्ज फेटाळला गेला. मी दिवसभर सरकारच्या नावानं शिव्या घातल्या.

मे महिन्यात स्टँडवर एक म्हातारी गेली. गाडी मिळेना. शवागारातलं शीतयंत्र बंद पडलेलं. कुणीतरी गाडी देईल म्हणून आम्ही दारोदार फिरलो, आणि शेवटी तिला कचऱ्याच्या ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं. तोवर तिच्याजवळ उभं राहवत नव्हतं. मोहियोद्दीनभाई ट्रॅक्टरच्या मागं चालत स्मशानापर्यंत आले. परतताना म्हणाले, "बॅनर छापा, बजरंगभाऊ."

पुढचं मयत एका पोराचं होतं, विशी-बाविशीचं. ते मिनतवारीनं मिळालेल्या उसन्या पिकअपमधून स्मशानात आणलं. बॅनरचं एक टोक खांबाला बांधलं, दुसरं मोहियोद्दीनभाईंनी धरलं. मोकळ्या हातानं त्यांनी चादर हनुवटीपर्यंत खाली घेतली. मी मोबाइल धरला. पहिला फोटो हलला, म्हणून दुसरा काढावा लागला. दोन्ही वेळेला ते माझ्याकडं बघत होते, पोराकडं एकदाही नाही. मला तो मोबाइल फेकून द्यावासा वाटला, पण मी फोटो मॅडमना पाठवले.

त्यांनी ते जोडून पुन्हा अर्ज भरला, आणि या खेपेला ऐंशी-जीची नोंदणी झाली. पैसे आले, गाडी आली, तीही गारव्याची. शेठनी नारळ फोडला. कार्यक्रम संपल्यावर मोहियोद्दीनभाईंनी चावी माझ्या हातात दिली.

"तुम्हीच चालवा आता. माझ्याच्यानं होईना."

मला वाटलं, दोन दिवसांनी येतील. ते आलेच नाहीत. आता मी जातो, फोटो काढतो, मॅडमना पाठवतो. नोंदणीच्या नूतनीकरणाला पुन्हा पुरावा लागतो म्हणे. पण या गाडीमुळं कुणाचंही मयत वेळेत जातं, हे खोटं कसं म्हणू?

गेल्या आठवड्यात त्यांना बघायला गेलो. छातीचा त्रास वाढलाय. त्यांच्या बायकोनं, खातूनभाभींनी, चहा दिला आणि डोळे पुसत आत गेल्या. ते बाजेवर पडून होते.

"बजरंगभाऊ, माझ्या मयताला ती गाडी आणू नका," ते म्हणाले. "त्या पोराच्या आईनं तो फोटो पाह्यला तर काय म्हनल, हेच डोक्यात फिरून राहिलंय."

मी आणणार नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार?