आत्याच्या अंगठ्याची विश्रांती

आजोबा गेले आणि राहुरीजवळची रस्त्याला लागून असलेली जमीन वडिलांच्या आणि दोन्ही आत्यांच्या नावावर लागली. कायद्यानं लागली, एवढंच. आमच्याकडे बहिणींची नावं सातबाऱ्यावर पाहुण्यासारखी येतात. तेरावा उरकला की भाऊ त्यांना साडी नेसवतो, कचेरीत नेतो आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतो. याला जमीन घेतली असं कुणी म्हणत नाही. बहिणींना साडी घेतली म्हणतात.

वडिलांना त्या जमिनीवर लग्नाचं लॉन्स काढायचं होतं. नकाशा कायम खिशात. भेटेल त्याच्यापुढे उलगडायचा: हे स्टेज, हे पार्किंग, हा जनरेटर, आणि हा एसी वधूकक्ष. वधूकक्षाच्या जागेवर सध्या धाकट्या आत्याची पत्र्याची खोली उभी होती. नवरा वारल्यावर ती ऐन तरुणपणी माहेरी आली आणि त्या खोलीत राहून आमच्या शेतात राबत म्हातारी झाली. मी नगरहून सुट्टीला गेले होते, तेव्हा वडिलांना विचारलं की आत्याच्या खोलीचं काय. ते म्हणाले, "तिला काय कमी हाय का आपल्यात?" हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की मला आणखीच राग आला.

ठरल्या दिवशी थोरली आत्या नेवाशाहून आली. दोघींना सारख्याच मोरपंखी साड्या मिळाल्या. थोरलीनं तिथंच पोत चिमटीत धरून नाक मुरडलं, पण नेसली. कचेरीत तिचा अंगठा यंत्रानं टेकवताक्षणी घेतला. धाकटीचा काही घेईना. कांदा निंदून, उसाचं पाचट ओढून, भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. वडिलांनी तो अंगठा आपल्या टोपीनं पुसला. थोरलीनं स्वतःच्या वेणीचं तेल त्याला लावून पाहिलं. एकेक करत दहाही बोटं झाली, आणि यंत्राच्या मते आत्या कुणीच नव्हती. शेवटी ऑपरेटर कंटाळून म्हणाला, "मावशी, थोडे दिवस हाताला आराम द्या, व्हॅसलीन लावा, मग या."

आत्याला आराम करायला सांगणारा तो पहिलाच माणूस.

वडिलांनी ते डॉक्टरच्या सल्ल्यासारखं मनावर घेतलं. आत्याला पाण्यात हात घालायची बंदी झाली, खुरप्याला हात लावायची बंदी झाली. बाजारातून वडील हातमोजे घेऊन आले, स्कूटीवरच्या पोरी घालतात तसले, गुलाबी फुलांचे. ते घालून आत्या ओसरीवरच्या खाटेवर बसायची आणि घर तिच्याभोवती धावायचं. धार काढायला वडील गेले तर गाईनं लाथेनं बादली उडवली. आई भांडी घासता घासता पुटपुटली, "अडला हरी..." पुढचं तिनं गिळलं, कारण पुढ्यात आत्याच बसली होती. थोरलीचा नेवाशाहून रोज फोन यायचा आणि दवाखान्यातल्या पेशंटची चौकशी करावी तशी ती विचारायची, "अंगठा कसा हाय आज?"

संध्याकाळी वडील चष्मा लावून तो अंगठा उजेडात धरायचे. "उगवतंय, उगवतंय!" कांद्याच्या वाफ्यात रोप तरारल्यासारखा त्यांना आनंद व्हायचा. अंगठ्यावर एकेक रेष उमटत होती तसतशी तिची खोली पडायची वेळ जवळ येत होती, आणि तेवढ्यासाठीच आम्ही तिला डाळिंबाचे दाणे सोलून भरवत होतो.

पहिले काही दिवस आत्या ओशाळून बसली. मग तिला जमायला लागलं. चहाचा घोट घेऊन म्हणायची, "आलं घातलं न्हाई व्हय?" एकदा मी तिच्या शेजारी बसले तेव्हा फुलाफुलांचे हात मांडीवर ठेवून म्हणाली, "हात रिकामं असलं की लई कायबाय सुचतं गं. आमाला हे ठावंच नव्हतं."

पुन्हा कचेरीत जायचं ठरलं. थोरलीनं पुन्हा यायचं तर पुन्हा साडी म्हणून सांगितलं, आणि घेतली. या खेपेला धाकटीचा अंगठा टेकला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. वडिलांनी तिथल्या तिथं ऑपरेटरच्या तोंडात पेढा कोंबला. मग साहेबांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मावशी, हक्क स्वखुशीनं सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"जबरदस्ती कसली, साहेब," आत्या म्हणाली. "पर आदी आमच्या दादाला एक इचारू का?"

साहेबांनी मान हलवली. ती वडिलांकडे वळली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "दादा, माज्या खोलीत रोज नवी नवरी नटनार. चांगलंच हाय की. मग मी कुठं झोपू?"

वडील हसले. "अगं, एवढी जागा हाय," म्हणत त्यांनी नकाशा काढला आणि साहेबांच्या टेबलावर पसरला. त्यांचं बोट फिरायला लागलं. स्टेज झालं. पार्किंग झालं. आचाऱ्यांची शेड झाली. कोपऱ्यात नवरदेवाचा घोडा बांधायलासुद्धा जागा होती. बोट कडेपर्यंत गेलं आणि परत आलं. थोरली आत्यासुद्धा चष्मा लावून वाकली. साहेबही वाकले. मागून रांगेतला माणूस ओरडला, "आटपा की ओ!"

वडिलांच्या कपाळावर घाम आला होता. आत्यानं खुर्ची पुढे ओढली आणि पदर सावरून ऐसपैस बसली.

"शोध दादा," ती म्हणाली, "निवांत शोध. घावलं की देते अंगठा."