पोट दाबू नये

मंगळवारी अकरा वाजता नगरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि माझ्या मुलीच्या डाव्या मूत्रपिंडात गाठ असल्याचं सांगितलं. सोनाली सहा वर्षांची होती. पहिलीत होती.

गाठ मला आधी हाताला लागली होती. आंघोळ घालताना डाव्या कुशीत कडक लागलं. परकराची नाडी महिन्याभरात दोनदा सैल करावी लागली होती. पण दुखत नव्हतं, ती खेळत होती, म्हणून मी थांबले. मग शेजारच्या कोंडाबाई मावशींकडे नेलं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात पोटाची तक्रार आधी त्यांच्याकडेच जायची.

"बेंबी सरकलीय पोरीची," मावशी म्हणाल्या. "तीन दिस चोळते. गोळा बगा कसा इरघळतो."

कोमट एरंडेल लावून त्यांनी तीन सकाळी पोट चोळलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. तेलाची वाटी मीच धरून बसले होते. तिसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, तेव्हा नगरची एसटी धरली.

नगरहून पुण्याला पाठवलं. आजाराचं नाव विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी कर्करोगाची गाठ. सर्जननी कागदावर आकृती काढली. गाठीभोवती पातळ आवरण असतं. ते फाटलं तर पेशी पोटात पसरतात. म्हणून गाठ अख्खी, मूत्रपिंडासकट काढायची. दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल मी वाचलं होतं, ते विचारलं.

"परदेशात तर यंत्राच्या हातांनी ऑपरेशन करायचे प्रयोग चाललेत," ते म्हणाले. "पुढं कधीतरी मुलांनाही उपयोग होईल. आज मात्र पोट उघडावं लागेल, ताई."

मग त्यांनी विचारलं, "कुणी पोट चोळलं वगैरे नाही ना?"

मी नाही म्हणाले.

सिस्टरनी पुठ्ठ्यावर लिहून ती पाटी सुतळीनं खाटेला टांगली: पोट दाबू नये. सोनालीला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. पाटीत एकही जोडाक्षर नव्हतं, तिनं ती एका दमात वाचली. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला आणि एकानं पोटाकडे हात नेला.

"वाचता येत न्हाई व्हय?" ती म्हणाली. "कितवीत हाय तुमी?"

"दुसरीत, बाई," तो म्हणाला. सगळे हसले. त्यानंतर ती येईल त्याला आधी पाटी वाचायला लावायची.

तिचे वडील लष्करात. तार पोहोचून त्यांना रजा मिळेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. चार तास मी बाकावर होते. आजूबाजूला लोक डबे उघडत होते, एकमेकांना भाकरी देत होते. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. चार तास एकच पान उघडं होतं.

सर्जन बाहेर आले. "गाठ काढली. पण आवरण एका ठिकाणी आधीच फाटलेलं होतं."

तेव्हा मी तेलाच्या वाटीचं सांगितलं.

"अशी गाठ आपोआपही फुटते. चोळल्यानं फुटली का, हे मला सांगता येणार नाही. पण पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं."

केमोथेरपी सुरू झाली. म्हणजे शिरेतून दिली जाणारी कर्करोगाची औषधं. तिचे केस गेले. वडिलांची रजा संपली. पुण्याच्या एसटीत खिडकी तिची आणि पिशवी माझ्या मांडीवर, असे महिने गेले. मग छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसले; आजार फुफ्फुसात पोहोचला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली.

कोंडाबाई मातीला आल्या नाहीत. तेराव्यानंतर एका दुपारी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, खरं सांगा. माज्या हातानं झालं का?"

"डॉक्टरांनाही माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "वाटी मी धरली होती."

त्या उंबऱ्यावर बसल्या. दवाखान्यातून घरी आणलेली खाटेवरची पाटी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली.

तुमच्या मुलाच्या पोटात एका बाजूला कडक लागलं, तर दुखत नसलं तरी थांबू नका. चोळू नका. कुणी चोळलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, लाज वाटली तरी. हा आजार झालेली पुष्कळ मुलं बरी होतात. सोनालीच्या शेजारच्या खाटेवरची मुलगी आता शाळेत जाते. तिची आई मला पत्र लिहिते, आणि मी उत्तर देते.

मावशी आता पोटावर हात ठेवत नाहीत. कुणी लेकरू आणलं तर म्हणतात, "आदी नगरला पोटाचा फोटू काढा. बाईंकडून चिठ्ठी घ्या." मी चिठ्ठी लिहून देते.

सोनालीचे वडील वर्षातून एकदा रजेवर येतात. एरवी घरात मी असते. पाटी कपाटात, पुस्तकांच्या मागे आहे. पाटीची सुतळी मी सोडलेली नाही.