चौदाव्या शतकातल्या काकू

ओहायोत राहून चौदाव्या शतकात संसार करणारी बाई जगात एकच असेल, आणि तिच्या हातच्या पोळ्या मी दोन वर्षं खाल्ल्या आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोलंबसला इंजिनिअरिंग शिकायला आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तिथल्या मराठी मंडळातर्फे विमानतळावर मला घ्यायला आलेल्या काकांनी गाडीत बसता बसताच फर्मान काढलं, की दर रविवारी कोलंबसजवळच्या डब्लिन गावी आमच्या घरी जेवायला यायचं. त्यांची बायको त्या काकू. नागपूरच्या एम.ए., लग्नाआधी तिथेच एका कॉलेजात शिकवलेलं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी इथे मध्ययुगीन इंग्रजी साहित्यात पीएच.डी.साठी नाव घातलं. ओळखीतल्या बाकीच्या बायका कॉम्प्युटरचे कोर्स करत होत्या. "त्यात लगेच जॉब मिळतो गं," असं कुणी सुचवलं की काकू म्हणत, "मिळतो ना. पण मला आधी त्या प्लेगचं काय झालं ते बघायचंय."

तो प्लेग सहाशे वर्षांपूर्वीचा. त्यात इंग्लंडातली गावंच्या गावं ओस पडली. पण काकू त्याबद्दल अशा बोलत, की बातमी सकाळीच वर्ध्याहून ट्रंककॉलने आली असावी. शेतकऱ्यांच्या बंडाला सामोरा गेलेला तेव्हाचा पोरसवदा राजा म्हणजे जणू त्यांच्या नात्यातलंच एक वाया गेलेलं कार्टं. "बापाविना वाढलेलं पोर, त्यात असले चुलते. काय होणार!" प्लेगनंतर मजूर कमी उरले, तरी जमीनदार मजुरी वाढवून देईनात, हे मला सांगताना एकदा त्या इतक्या चिडल्या, की भरल्या वांग्यांसाठी आणलेल्या वांग्यांच्या बारीक फोडी करून बसल्या. परीक्षेच्या आठवड्यात तर घरात बटाटा, टोमॅटो आणि मिरची बंद. का, तर चौदाव्या शतकात यांतलं काहीच नव्हतं. आम्हाला बार्ली आणि कांद्याची पात घातलेलं एक फिकट सूप मिळे. मी चमचा हातात धरून नुसता बसलो की काकू म्हणत, "अरे, देवगिरीच्या यादवांनीसुद्धा मिरची पाहिली नव्हती. त्यांचं काही अडलं?" काका टेबलाखालून लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवत आणि पुटपुटत, "म्हणूनच राज्य गेलं त्यांचं."

मुलगी वैतागे. "मॉम, दे आर ऑल डेड!"

"मग? तुझे नागपूरचे आजोबाही डेडच आहेत. त्यांच्या गोष्टी बऱ्या सांगतेस मैत्रिणींना!"

काकूंना प्रबंध लिहायचा होता तो त्या काळच्या अंगाईगीतांवर आणि गेलेल्या मुलांसाठी लिहिलेल्या कवितांवर. बहुतेकांच्या कवींची नावंही कुणाला ठाऊक नाहीत. त्या दिवसांत काही विद्वान असं मांडत, की तेव्हा मुलं इतकी मरत की आईबाप त्यांच्यात जीव गुंतवतच नसत. हे वाक्य काकूंना सहन होत नसे. ते खोडून काढायला त्या बर्फ पडत असतानाही, साडीवर काकांचा जाडजूड कोट चढवून लायब्ररीत जात. मला तो अभ्यासातला हट्टच वाटे. मग एका रविवारी मी आणि काका घरासमोरचं बर्फ फावड्याने काढत होतो, तेव्हा ते खाली बघूनच म्हणाले, "आमचा पहिला मुलगा पाच महिन्यांचा असताना गेला रे. न्यूमोनिया झाला. इथे नवीन होतो, जवळ आपलं कुणी नाही. मीच हिला म्हटलं, आता हा विषय बंद. तिनं कधी काढला नाही." मग बराच वेळ ते एकाच जागचं बर्फ उकरत राहिले.

वसंतात काकूंना आपला विषय विभागातल्या प्राध्यापकांपुढे मांडायचा होता. त्यांना पटला तर प्रबंध, नाही तर विषय बदला. स्लाइड प्रोजेक्टर चालवायला मी गेलो. काका रजा टाकून शेवटच्या रांगेत बसले होते. काकू छान बोलल्या. मग त्यांचे वयस्कर मार्गदर्शक, अतिशय सज्जन माणूस, हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही आजच्या आईचं मन त्या बायकांना चिकटवताय. एकामागून एक मुलं जाताना पाहिली, की माणसाला सवय होत असावी."

काकूंनी विचारलं, "सर, कितव्या मुलानंतर होते? माझं एकच गेलंय, म्हणून मला माहीत नाही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी," ते म्हणाले, "पण हा पुरावा नव्हे."

"नाही, सर," काकू म्हणाल्या आणि मला पुढची स्लाइड लावायला सांगितली.

विषय मंजूर झाला नाही. पुढे काकूंनी त्या काळच्या प्रवचनांवर प्रबंध लिहिला आणि डिग्रीही मिळवली, पण त्या प्रवचनांवरून त्यांची वांगी कधी बिघडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी आम्ही तिघं गाडीने परत येत होतो. एका सिग्नलला काका म्हणाले, "मिलिंद आता ड्राइव्ह करायला शिकला असता."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमच्यासारखंच. सिग्नल हिरवा झालाय, तिकडे लक्ष नाही." मग त्या रडायला लागल्या. काकांनी गाडी कडेला घेतली. मी मागच्या सीटवर प्रोजेक्टर मांडीवर घेऊन बसून राहिलो.

पुढच्या वर्षी मी गावी गेलो. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली होती. घरात त्यांना 'आधीची दोन' एवढंच म्हणत. दुपारी आई तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, त्या दोघांची नावं काय होती गं?"

तिने हात न थांबवता दोन्ही नावं सांगितली. धाकट्याच्या डाव्या गालाला खळी पडायची, तेही सांगितलं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तुला रे कसं सुचलं?"

"तिकडे एक काकू आहेत," मी म्हणालो. "त्यांच्यामुळे."

आईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "त्यांचंही गेलंय वाटतं," ती म्हणाली.