बापटबाईंची सुई

पंगतीत पान वाढून होत आलं की बापटबाई पर्समधून इन्सुलिनची बाटली काढत, उजेडाकडे धरून सिरिंज भरत आणि पदर जरासा सरकवून पोटाला सुई टोचत. लग्न असो की मुंज, आडोसा शोधणं त्यांना मंजूर नव्हतं. एकदा शेजारच्या पानावरच्या बाईंनी सुचवलं, "अहो, आत खोलीत जाऊन तरी घ्या." बापटबाई म्हणाल्या, "तुम्ही जिलबी आत जाऊन खाणार असाल, तर येते बरोबर."

कोथरूडच्या आमच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या, मी गणित. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि अंगावर मांस म्हणाल तर नावालाच. चाळिशी उलटली तरी रोज सकाळी टेकडी चढून मग शाळेत येत. मुली कुरकुरायला लागल्या की म्हणत, "पाय दुखतात? दुखू देत. दुखतात म्हणजे जागेवर आहेत."

अशा बाईंना मधुमेह निघाला, तेव्हा स्टाफरूमला तो आधी विनोदच वाटला. आमच्या समजुतीप्रमाणे हा रोग ढेरपोट्यांचा आणि गोडघाशांचा. बाईंनी साखर सोडली, भात सोडला, टेकडी दिवसातून दोनदा केली. वर्ष-दीड वर्ष गोळ्यांवर बरं चाललं. मग आकडे चढू लागले. गोळ्या वाढवल्या, तरी आकडे चढतच राहिले. त्यांचे नेहमीचे डॉक्टर एक दिवस चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही काहीतरी लपवताय."

ते वाक्य बाईंच्या जिव्हारी लागलं, आणि ते डॉक्टरांपाशी थांबलंही नाही. बापटांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, घरातला गुळाचा डबा माळ्यावर टाकला. माणूस सज्जन, बायकोवर जीव. पण विश्वास डॉक्टरांवर. शाळेत कोणी पेढे आणले की बॉक्स बाईंपासून लांब सरकायचा. एकदा त्यात एक पेढा कमी भरला, तेव्हा "टेकडी चढायला ताकद लागते बुवा," असं मीच म्हणालो. सगळे हसले. बाई दारातच उभ्या होत्या. त्या तशाच मैदानाकडे वळल्या. माझी मलाच लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही.

डॉक्टरांनी इन्सुलिन घ्यायला सांगितलं, तेव्हा बाई हटून बसल्या. "सुई घेतली की सगळे म्हणणार, बघा, खातच होती. मी घेणार नाही." खरेपणा सिद्ध करायला त्यांनी जेवणच तोडलं. एक भाकरी, मेथीची भाजी, ताक. वजन झरझर उतरलं. रिपोर्ट मात्र दर वेळी त्यांच्या विरुद्धच साक्ष देत राहिला. जीव गेला तरी बेहत्तर, पण चोर ठरणार नाही, असा तो हट्ट होता.

क्रीडासप्ताहाच्या तयारीत "सावधान" असा हुकूम देऊन त्या स्वतःच मैदानात खाली बसल्या. उलट्या, धाप, ओठ कोरडे ठणठणीत. मी रिक्षा करून इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं. दोन दिवसांनी बाईंची किडकिडीत अंगकाठी बघून त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी करायला लावली. निकाल आला तेव्हा बापटांबरोबर मीही तिथेच होतो. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "बाई, तुमचा मधुमेह नेहमीचा नाही. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तुमचं शरीरच मारून टाकतंय. मोठ्या वयात, सावकाश येतो, म्हणून फसवतो. जेवण सांभाळायचं, व्यायाम करायचा, पण सुईला पर्याय नाही."

बाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते?"

"मुळीच नाही."

बाई उशीत तोंड खुपसून रडल्या. बापट उठून खिडकीपाशी गेले. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

पंधरा दिवसांनी बाई शाळेत आल्या त्या रिपोर्ट घेऊनच. सूचनाफलकावर त्यांनी तो टाचणीने लावला. मुख्याध्यापक गडबडले, "बाई, हे खासगी असतं."

"सर, माझ्या पोटात काय जातं यावर तीन वर्षं जाहीर चर्चा झाली. आता निकालही जाहीर लागू दे."

त्या दिवशी मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "माफी ठेवा तुमच्याकडे. उद्यापासून टेकडीवर या. पोट सुटलंय तुमचं."

मी जाऊ लागलो. त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं निघालं. किती भाकरी, किती चढ, त्यावर सुई किती, हे त्या चालता चालता जुळवत. तरी एकदा चढावर हातपाय थरथरायला लागले, तेव्हा दगडावर बसून त्यांनी पुडीतली साखर तोंडात टाकली. फिरायला आलेले एक ओळखीचे गृहस्थ थबकले, "काय हो बाई, डायबिटीस ना तुम्हाला? आणि साखर खाताय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "माझी साखर कमी पडली, ती खिशात होती. अक्कल कमी पडली की तुम्ही काय करता?"

पुढे पंचवीस वर्षं त्या अशाच ताठ जगल्या. गेल्या त्या न्युमोनियाने. भेटायला गेलो, तेव्हा बापटांचे एक नातेवाईक सुस्कारा टाकून म्हणत होते, "शुगर होती ना. गोडाचा मोह सुटत नाही हो माणसाला."

माझा तोल गेला. "कसला मोह? त्या बाईंनी आयुष्यात एक घास चोरून खाल्ला नाही. काय खाल्लं ते चारचौघांत, सुई टोचून खाल्लं. हे वाक्य या घरात पुन्हा काढू नका."

गृहस्थ उठून गॅलरीत गेले. ऐंशीच्या घरातले बापट माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "जोशी, हे आपण दोघांनी तेव्हा म्हणायला हवं होतं."